वाचकांचे प्रश्न : डावखुऱ्या नेमबाजाने रायफल कशी निवडावी?

राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन (गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून) प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून या सदराकडे नेमबाजीविषयीची पत्रे सातत्याने येत आहेत. कोल्हापूरला हा खेळ नवा नाही. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोनचे (पालथे झोपून नेम धरण्याच्या प्रकाराचे) सुवर्णपदक जिंकले आणि राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाचे सुवर्णपदक आणले, त्या काळातही पालक मुलांना घेऊन रेंजवर येतच होते. या वेळच्या पत्रांत मात्र एकच अडचण वेगवेगळ्या तोंडांनी विचारलेली दिसली. नेमबाज डावखुरा आहे आणि हाती येणारी प्रत्येक रायफल उजव्या हाताच्या माणसासाठी घडवलेली आहे, तर काय करावे? म्हणून हा संपूर्ण अंक या एकाच विषयाला दिला आहे. पत्रे लांब असल्याने त्यांचा गाभाच येथे छापला आहे.

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. ती लिहिते, जेवते, चेंडू फेकते, सगळे डाव्या हाताने. गेले काही महिने ती क्लबमध्ये एअर रायफल शिकते आहे. क्लबची रायफल उजव्या हाताची आहे आणि प्रशिक्षक म्हणतात की आत्ताच उजव्या खांद्यावर सवय लावा. घरी तिच्या आजीलाही तेच बरे वाटते. एका परिचितांकडे परदेशी बनावटीची, डाव्या हाताची पीप साइट (बारीक छिद्रातून नेम धरण्याची) रायफल विकायला आहे. ती घ्यावी का? (एक पालक, राजारामपुरी)

आपल्या पत्रात मुलीच्या हाताबद्दल पुष्कळ लिहिले आहे, पण तिच्या डोळ्याबद्दल एक अक्षरही नाही, आणि रायफलच्या बाबतीत पहिला निर्णय डोळ्याचा असतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून आपण एखाद्या वस्तूकडे बोट रोखतो तेव्हा मेंदू दोन्ही डोळ्यांच्या चित्रांना सारखे महत्त्व देत नाही, तर एका डोळ्याचे चित्र प्रमुख मानून त्यावर भिस्त ठेवतो. सुमारे दोन तृतीयांश माणसांचा हा प्रमुख डोळा उजवा असतो. डावखुरी माणसे दहात एक एवढीच असली, तरी त्यांच्यातही अनेकांचा प्रमुख डोळा उजवाच निघतो, कारण हात आणि डोळा यांचे नाते आपण समजतो तितके घट्ट नसते.

ही परीक्षा आज घरीच करता येईल. मुलीला दोन्ही हात समोर लांब करून दोन्ही तळव्यांच्या मध्ये एक लहान त्रिकोणी फट करायला सांगावे आणि त्या फटीतून, दोन्ही डोळे उघडे ठेवून, समोरच्या भिंतीवरचे घड्याळ किंवा लांबचा दिवा पाहायला सांगावा. मग तिने वस्तूवरची नजर न हलवता हात हळूहळू चेहऱ्याकडे आणावेत. हात नकळत ज्या डोळ्यापाशी येऊन थांबतील तो तिचा प्रमुख डोळा. हीच परीक्षा वेगवेगळ्या दिवशी, आणि कशासाठी चालली आहे हे तिला न सांगता, पुन्हा करावी, कारण मुले अपेक्षित उत्तर द्यायला उत्सुक असतात. त्यासोबत नेत्रतज्ज्ञांकडून दोन्ही डोळ्यांची तपासणीही करून घ्यावी. एका डोळ्याचा नंबर जास्त असेल आणि चष्मा लावलेला नसेल, तर घरच्या परीक्षेचा निष्कर्ष फसवा निघू शकतो.

तिचा डोळाही डावाच निघाला, तर माझे मत स्पष्ट आहे : तिने डाव्या खांद्यावरच शिकावे आणि याबाबत आजींचे मन प्रेमाने वळवावे. डाव्या खांद्यावर बट (रायफलचा खांद्याला टेकणारा मागचा भाग) ठेवला की डावा डोळा पीपच्या मागे सरळ येतो, मान वाकवावी लागत नाही आणि गाल बटावर नैसर्गिकपणे टेकतो. अशा मुलीला उजव्या खांद्यावर नेले, तर ती दुय्यम डोळ्याने नेम धरेल आणि प्रमुख डोळा सारखा मध्ये डोकावत राहील. ५०–६० फैरींच्या सामन्यात डोळ्यांवर येणारा तो ताण शेवटच्या सिरीजमध्ये (दहा फैरींच्या गटात) गुणांत उतरतो.

तिचा डोळा उजवा निघाला, तर मात्र आपल्या प्रशिक्षकांचे म्हणणे विचारात घेण्यासारखे आहे, आणि त्याचे कारण सांगणे आवश्यक आहे. लिहिताना किंवा चेंडू फेकताना एका हाताला बारीक कौशल्य लागते. रायफलचे काम तसे नाही. स्टँडिंगमध्ये रायफलचे वजन पुढचा हात स्नायूंच्या बळावर पेलत नाही, तर कोपर कमरेच्या हाडावर टेकवून सांगाड्यावर सोडून देतो, आणि मागचा हात ग्रिप धरून एका बोटाने हलका ट्रिगर दाबतो. मॅच रायफलच्या ट्रिगरला इतका कमी जोर लागतो की दुसऱ्या हाताचे बोट काही आठवड्यांत तेच शिकते. शिकणारी मुलगी लहान असेल आणि जुनी सवय मुरलेली नसेल, तर डोळ्याच्या बाजूच्या खांद्यावर शिकणे बहुतेक वेळा सोपे जाते. तरीही दोन्ही खांद्यांवर रायफल धरून पाहिल्यावर डाव्या बाजूलाच तिचे शरीर स्वस्थ उभे राहत असेल, तर डाव्या खांद्यावर शिकून उजव्या डोळ्यासमोर पट्टी लावणे हाही योग्य मार्ग आहे. ही पट्टी काळी नसावी, पांढरी आणि प्रकाश आत येऊ देणारी असावी. एक डोळा पूर्ण अंधारात गेला तर दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या एकत्रच मोठ्या होतात आणि नेमाच्या डोळ्याला दिसणारी बुलची (लक्ष्याच्या मधल्या काळ्या वर्तुळाची) कडा पुसट होते. डोळा मिटून नेम धरण्याची सवय तर मुळीच लावू नये, कारण मिटलेल्या पापणीचा ताण पूर्ण चेहऱ्यावर येतो.

आता रायफल. १० मीटर एअर रायफलमध्ये डाव्या-उजव्याचा फरक मुख्यतः बटात असतो. उजव्या हाताच्या नेमबाजासाठी केलेल्या बटाला चीक पीस (गाल टेकवण्याचा उंचवटा) डाव्या अंगाला असते, कारण त्याचा गाल त्या बाजूने टेकतो, आणि ग्रिपचा फुगवटा उजव्या तळव्यात बसेल असा कोरलेला असतो. डावखुऱ्याने तीच रायफल घेतली की गालाला उंची मिळत नाही, डोके पुढे झुकते, ग्रिप बोटांना टोचते आणि मनगट वळते. एकसंध लाकडी बटाची रायफल असेल तर यावर उपाय नाही, तो बट बदलावाच लागतो. अलीकडच्या ॲल्युमिनियम बटाच्या रायफलींत मात्र चीक पीस आणि बट प्लेट (बटाच्या टोकाची, खांद्याला टेकणारी पट्टी) दोन्ही बाजूंना वळवता येतात, ग्रिप वेगळी विकत घेऊन बसवता येते, आणि काही रायफलींत छर्रा भरण्याची लिव्हरही दुसऱ्या बाजूला घेता येते. हॅमर्लीची एआर-२० ही शिकाऊ नेमबाजांत चांगली रुळलेली रायफल दोन्ही हातांना चालेल अशीच केलेली आहे. वाढत्या वयाच्या मुलीसाठी मी अशाच रायफलची शिफारस करीन. बटाची लांबी तिच्या उंचीबरोबर वाढवता येते, आणि उद्या खांदा बदलण्याचे ठरले तरी खर्च वाया जात नाही.

लिव्हर उजवीकडेच असेल आणि बाकी सर्व बसत असेल, तर त्यासाठी रायफल नाकारू नये. १० मीटरच्या सामन्यात प्रत्येक फैरीनंतर रायफल स्टँडवर टेकवूनच छर्रा भरतात, पोझिशन तशीही मोडलेली असते, आणि ६० फैरींसाठी ७५ मिनिटांचा वेळ मिळतो. उजवीकडची लिव्हर तेवढ्या वेळात सहज हाताळता येते.

आपल्या परिचितांकडील रायफलबद्दल तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली तिचे वजन. एअर रायफलला नियमाने साडेपाच किलोपर्यंत मुभा आहे, पण ती मर्यादा प्रौढ नेमबाज गाठतात, आणि सातवीतल्या मुलीने तेवढे वजन पेलायला लागले तर ती पाठीचा कणा मागे वाकवून उभी राहायला शिकेल. ती सवय पुढे मोडणे फार अवघड जाते. दुसरी, हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख. या सिलिंडरांत २०० बार किंवा त्याहूनही जास्त दाबाची हवा भरलेली असते आणि त्यांना निर्मात्याने वापराची मुदत ठरवून दिलेली असते, त्यामुळे मुदत उलटलेले सिलिंडर रायफलसोबत फुकट मिळाले तरी वापरू नये. तिसरी गोष्ट म्हणजे बट खरोखर डाव्या हाताचा आहे की उजव्या बटावर घासून-पुसून काम भागवले आहे, हे मुलीला रायफल हाती देऊन पाहावे. डाव्या हाताच्या जुन्या रायफलींना गिऱ्हाईक कमी असते, म्हणून किंमत उतरवून मागायला संकोच नको. मात्र पुढे विकायची वेळ आली तर आपल्यालाही तितकीच वाट पाहावी लागेल. डोळ्याचा निर्णय होण्यापूर्वी तर ती घेऊच नये.

कायद्याच्या बाजूने काळजी नसावी. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटर बोअरच्या (नळीच्या आतील व्यासाच्या) आणि २० जूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, आणि १० मीटरच्या मॅच रायफली त्या मर्यादेच्या बऱ्याच आत असतात.

शालेय स्पर्धेत ओपन साइट (छिद्राऐवजी उघड्या खाचेतून नेम धरण्याच्या) प्रकारात उतरायचे असेल, तर प्रश्न आणखी सोपा आहे. बॅरल (नळी) खाली वाकवून छर्रा भरण्याच्या रायफली बहुतांशी दोन्ही हातांना सारख्याच असतात. बटाच्या एकाच बाजूला चीक पीस उठवलेले नाही ना, एवढे दुकानातच पाहून घ्यावे.

प्रश्न : डाव्या हाताचे जॅकेट मिळायला वेळ लागतो. तोपर्यंत मुलाने उजव्या हाताचे वापरले तर चालेल का? (एक आई, शाहूपुरी)

शक्यतो वापरू नये. नेमबाजीचे जॅकेट दोन्ही बाजूंनी सारखे नसते. बट टेकण्याची जागा एका खांद्यावर असते, स्लिंग (रायफल हाताला बांधण्याचा पट्टा) अडकवण्याचा हूक दुसऱ्या बाहीवर असतो, कोपरांची अस्तरे त्या-त्या हाताच्या कामाप्रमाणे शिवलेली असतात, आणि समोरचे बंदही त्याच हिशेबाने एकमेकांवर येतात. डावखुऱ्याने उजव्याचे जॅकेट घातले तर स्लिंगचा हूक चुकीच्या बाहीवर येतो आणि प्रोनमध्ये त्याचा उपयोगच होत नाही. शिवाय कापडाची जाडी आणि ताठरपणा यांची स्पर्धेपूर्वी तपासणी होते. एका थराच्या कापडाची जाडी अडीच मिलिमीटरहून जास्त चालत नाही, त्यामुळे घरी वरून अस्तर शिवून जॅकेट बदलण्याचा प्रयत्न तपासणीत अडकू शकतो. माप देऊन डाव्या हाताचे जॅकेट शिवून घेणे हाच खरा मार्ग आहे, आणि ते येईपर्यंत साध्या घट्ट स्वेटशर्टवर ड्राय (छर्रा न भरता) सराव करणे अधिक चांगले. ग्लोव्ह मात्र आजच उजव्या हाताचा घ्यावा, कारण डावखुऱ्याचा आधाराचा हात उजवा असतो. दुकानदार सवयीने डाव्या हाताचा ग्लोव्ह देतात.

प्रश्न : मी डाव्या खांद्यावरून १० मीटर शूट करतो आणि आता ५० मीटर प्रोनकडे वळलो आहे. क्लबच्या पॉइंट टू टू (०.२२ इंची, काडतुसाच्या) रायफलीचा बोल्ट (काडतूस भरण्यासाठी मागे-पुढे सरकवायचा दांडा) उजवीकडे आहे. प्रत्येक फैरीनंतर पोझिशन मोडते आणि पुढची फैर भलतीकडे जाते. ही अडचण सरावाने जाईल का, की डाव्या बोल्टची रायफल घ्यावीच लागेल? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, कागल)

तुझी अडचण खरी आहे आणि तिचे मूळ तू बरोबर ओळखले आहेस. १० मीटरला बट महत्त्वाचा असतो, ५० मीटरला मात्र बोल्ट महत्त्वाचा ठरतो. प्रोनमध्ये उजव्या हाताचा नेमबाज डाव्या हाताला स्लिंग घट्ट बांधून कोपर जमिनीवर रोवतो आणि तो हात सामना संपेपर्यंत तसाच ठेवतो. बोल्ट उघडणे, काडतूस भरणे, बोल्ट लावणे हे सर्व तो मोकळ्या उजव्या हाताने करतो आणि रायफल खांद्यातून हलत नाही. तुझ्या बाबतीत स्लिंगमधला हात उजवा आहे आणि मोकळा हात डावा. डाव्या हाताने उजवीकडच्या बोल्टपर्यंत पोहोचायचे म्हणजे ग्रिप सोडून, रायफलच्या डोक्यावरून हात पलीकडे न्यावा लागतो. त्यात छाती उचलते, बट खांद्यातून सरकतो, डावा कोपर जागा सोडतो. ५० मीटरच्या लक्ष्यावरचा दहाचा वर्तुळ केवळ १०.४ मिलिमीटर व्यासाचा आहे, आणि इतक्या लहान जागेसाठी प्रत्येक फैरीला शरीर नव्याने मांडणे म्हणजे एकाच सामन्यात साठ वेगळ्या पोझिशन घेण्यासारखे होते.

सध्या क्लबचीच रायफल वापरायची असेल, तर तीन उपाय करून पाहा. बोल्ट उघडताना बट खांद्यातच दाबून ठेव आणि उजवा कोपर अजिबात न उचलता रायफल किंचित डावीकडे कलवून घे, म्हणजे उजवीकडचा बोल्ट वरच्या बाजूला येईल आणि डाव्या हाताला कमी अंतर जावे लागेल. काडतुसांची पेटी डाव्या हाताच्या सहज पोहोचात, रायफलच्या अगदी जवळ ठेव, म्हणजे कंबरेतून वळावे लागणार नाही. आणि प्रत्येक फैरीपूर्वी, बोल्ट लावल्यानंतर, डोळे मिटून एक पूर्ण श्वास सोड आणि मग डोळे उघडून पाहा. फोरसाइटची (नळीच्या टोकावरील साइटची) रिंग बुलवर नसेल, तर हाताने रायफल ढकलू नकोस, शरीर कोपराभोवती थोडे फिरवून घे. उजव्या बोल्टवर शूट करणाऱ्या डावखुऱ्यासाठी हा तपास इतरांपेक्षा कितीतरी जास्त गरजेचा आहे. रेंजची परवानगी असेल तर बोल्टची मूठ लांब करून घेणेही उपयोगी पडते.

तरीही तुला या प्रकारात पुढे जायचे असेल, तर माझे उत्तर डाव्या बोल्टची रायफल हेच आहे. उजव्या ॲक्शनवर (बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी भागावर) डाव्या हाताचा बट बसवण्याचा पर्याय दुकानदार सुचवतील. त्याने गाल आणि ग्रिप सुधारतील, पण तुझी मूळ अडचण तशीच राहील. बोल्टची खाच ॲक्शनच्या पोलादातच कापलेली असते, ती बाजू मागाहून बदलता येत नाही. अ‍ॅन्शुट्झसारख्या कारखान्यांनी १९०७ आणि १९१३ या क्रमांकांच्या मॅच रायफली डाव्या ॲक्शनमध्येही केलेल्या आहेत, त्यामुळे जुन्या बाजारातही अशी रायफल अधूनमधून निघते. घेताना पीप साइटही तपास. उजव्या हाताच्या साइटची डावी-उजवी दुरुस्तीची कळ उजव्या अंगाला असते आणि स्लिंगमधल्या हाताने तिला हात लावता येत नाही. डाव्या अंगाला कळ असलेली साइट मिळते, ती रायफलसोबतच मागावी.

पॉइंट टू टू रायफलीला १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात. खेळाडूंसाठी वेगळ्या तरतुदी आहेत, त्या तुझ्या क्लबच्या सचिवांकडून आणि जिल्हाधिकारी कार्यालयातून नीट समजून घे. सांगण्याचा हेतू हा की ही खरेदी वारंवार होत नाही. म्हणून परवान्याचा अर्ज करण्यापूर्वीच ॲक्शनची बाजू ठरवून टाक. सोयीची नाही पण हाती आहे म्हणून उजव्या बोल्टची रायफल घेऊ नकोस.

लेनबद्दल तू विचारले नाहीस, तरी सांगतो. डावखुरा आणि उजवा नेमबाज शेजारी आले की दोघांची तोंडे एकमेकांकडे होतात किंवा पाठी एकमेकींना लागतात, आणि प्रोनमध्ये पायही एकमेकांच्या लेनकडे जातात. कोल्हापुरातील दुधाळीच्या रेंजवर सरावाला जाशील तेव्हा कडेची लेन मागून घे. त्यात कमीपणा मानू नये, आणि शेजाऱ्यालाही त्याचा त्रास होत नाही.

प्रश्न : मी एनसीसीची छात्र आहे. फायरिंगला आम्हाला पॉइंट टू टू डिलक्स रायफल मिळते. मी डावखुरी आहे आणि माझा डोळाही डावा आहे. मी उजव्या खांद्यावर फायर करावे का? (गडहिंग्लज)

रायफल निवडण्याचा अधिकार तुझ्याकडे नाही, त्यामुळे उत्तरही थोडक्यात देतो. फायरिंगच्या आदल्या दिवशीच प्रशिक्षक हवालदारांना आपण डावखुऱ्या असल्याचे सांग, म्हणजे ते तुला कडेची जागा देतील आणि बोल्ट हाताळताना तुझ्यावर लक्ष ठेवतील. फैरी मोजक्याच असतात, स्लिंगही स्पर्धेसारखी घट्ट नसते, तेव्हा डाव्या खांद्यावर बट ठेवून बोल्ट उजव्या हाताने चालवणे जमते, विशेषतः पुढे वाळूच्या पिशवीचा आधार दिलेला असेल तर. डाव्या हाताने ग्रिप आणि बट धरून रायफल पिशवीवरच राहू दे आणि बोल्ट उघडला असताना बोट ट्रिगरपासून पूर्ण दूर ठेव. डावखुऱ्याचा चेहरा रायफलच्या उजव्या अंगाला असतो आणि रिकामे काडतूसही त्याच बाजूने बाहेर पडते, म्हणून साधा पारदर्शक चष्मा लावल्याशिवाय फायर करू नकोस. काडतुसाचा तळ फुटला तर गरम वायू त्याच बाजूने येतो. हे क्वचितच होते, पण डोळा एकदा गेला की परत येत नाही.

प्रश्न : वय ५४. यंत्रमागाचा व्यवसाय आहे. अनेक वर्षे उजव्या खांद्यावरून हौसेने एअर रायफल शूट केले. गेल्या वर्षी उजव्या डोळ्याच्या पडद्याला इजा झाली आणि आता त्या डोळ्याने बुलची कडा दिसत नाही. डावा डोळा उत्तम आहे. खेळ सोडावा, की या वयात डाव्या खांद्यावर शिकता येईल? रायफल उजव्या हाताची लाकडी बटाची आहे. (इचलकरंजी)

खेळ सोडण्याचे काहीच कारण नाही. हंगेरीचे करोली टाकाच हे पिस्तुलाचे नेमबाज होते. १९३८ मध्ये हातबाँबच्या स्फोटात त्यांचा उजवा हात निकामी झाला. त्यांनी डाव्या हाताने पहिल्यापासून शिकायला सुरुवात केली आणि १९४८ च्या लंडन व १९५२ च्या हेलसिंकी अशा दोन ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकले. पिस्तूल तर पूर्णपणे एका हाताचा खेळ आहे. रायफलमध्ये आपला तोल, श्वास, ट्रिगरची जाण आणि सामन्यातील संयम हे सर्व अनुभवाने आलेले आहे, आणि ते खांदा बदलला म्हणून नाहीसे होत नाही.

आपल्यासमोर दोन वाटा आहेत. पहिली, उजव्या खांद्यावरच राहून डाव्या डोळ्याने नेम धरण्याची. त्यासाठी आरसा किंवा प्रिझम बसवलेली साइट असते. एका खांद्यावरून दुसऱ्या बाजूच्या डोळ्याने नेम धरणाऱ्याला ती आंतरराष्ट्रीय नियमांतही चालते, फक्त तिच्यात भिंग नसावे. आपली जुनी रायफल, जुना बट आणि जुनी पोझिशन यामुळे कायम राहील. पण अशी साइट मिळवणे, बसवणे आणि तिच्याशी जुळवून घेणे वेळखाऊ असते, आणि डोक्याची ठेवण बदलल्यामुळे लाकडी बटावर गाल पूर्वीसारखा टेकेलच असे नाही.

दुसरी वाट डाव्या खांद्याची. डावा डोळा उत्तम आहे आणि उजव्यात दोष आहे, त्यामुळे मेंदूला या बदलाशी भांडावे लागणार नाही, आणि मी आपल्याला हीच वाट सुचवीन. आपली लाकडी बटाची रायफल मात्र यासाठी वापरू नये. तिच्या चीक पीसवर गाल टेकवण्याच्या प्रयत्नात मानेला त्रास होईल, आणि आपल्या वयात मानेचे दुखणे सहजासहजी बरे होत नाही. दोन्ही बाजूंना बदलता येणाऱ्या ॲल्युमिनियम बटाची रायफल क्लबमधून सरावापुरती मिळाली तर फार उत्तम. पहिले काही आठवडे छर्रा न भरता, कोऱ्या भिंतीसमोर, फक्त उभे राहण्याचा सराव करावा. पाय, कंबर आणि कोपर यांचे नाते आरशासारखे उलटे झालेले असते, आणि ते शरीराला समजेपर्यंत लक्ष्यावर फैर मारली तर गुण पाहून मन खचते. उभे राहणे स्थिर होऊ लागले की छर्रा भरावा. त्या वेळी ग्रुप (लक्ष्यावरील छिद्रांचा पुंजका) कुठे आहे याकडे पाहू नये, तो किती घट्ट आहे एवढेच पाहावे. बुलवर आणण्याचे काम साइटच्या कळीचे आहे.

डोळ्याच्या पडद्याला इजा झालेली असल्याने, पुन्हा रेंजवर उभे राहण्यापूर्वी आपल्या नेत्रतज्ज्ञांची लेखी परवानगी घ्यावी आणि त्यांना एअर रायफलमध्ये फारसा झटका नसतो हेही सांगावे, म्हणजे ते योग्य सल्ला देतील. जुनी रायफल विकण्याची घाई करू नये. डाव्या खांद्यावर एक पूर्ण हंगाम शूट करून झाल्यावर, आणि उजव्या डोळ्याच्या उपचारांचा निकाल कळल्यावरच तिचा निर्णय घ्यावा.